हलगीची तिसरी थाप

१

आमिर मेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चांगल्या मिनिटभर चालल्या. पुनावळ्याच्या त्या सभागृहात रविवारी सकाळी अकराला तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या, दोनशे भरल्या होत्या, आणि पहिल्या रांगेतले सत्कारमूर्ती सोडले तर सगळे मनापासून वाजवत होते. मागे फ्लेक्स होता: ‘शस्त्रमुक्त पुनावळे – जनजागृती अभियान’. फ्लेक्सच्या एका कोपऱ्यात पिस्तुलावर लाल फुली मारली होती आणि उरलेल्या सगळ्या जागेत संयोजक अजिंक्यदादा हात जोडून उभे होते. फोटो गेल्या वाढदिवसाचा. जाकिटाच्या कडेखाली कमरेचं रिव्हॉल्व्हर थोडं दिसत होतं. फ्लेक्सवाल्याकडून ते पुसायचं राहून गेलं असेल, किंवा पुसलं तर दादा ओळखू येणार नाहीत असं त्याला वाटलं असेल.

नाटक वीस मिनिटांचं. योगिनीने लिहिलेलं, योगिनीनेच बसवलेलं. ती चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होती. वय सत्तेचाळीस, नोकरी बावीस वर्षं, आणि कंपनीच्या कामगार नाट्यमंडळाची आपोआप झालेली प्रमुख. नाटकाच्या शेवटी नायक गमतीत मित्रावर पिस्तूल रोखतो, तीनदा चाप ओढतो आणि दर वेळी विंगेतून हलगीवर थाप पडते. तिसऱ्या थापेला मित्र कोसळतो. मग सगळे पुढे येऊन नियम म्हणतात: रिकामं असलं तरी हत्यार माणसावर रोखू नये. हे वाक्य योगिनीचं होतं. ते म्हणता यावं म्हणून तिने महिनाभर तालमीत एका माणसाला दुसऱ्यावर हत्यार रोखायला लावलं होतं आणि त्यात काही गडबड आहे असं मंडळात कुणाला, तिला धरून, वाटलं नव्हतं.

त्या दिवशी पहिल्या थापेला नुसती थाप झाली. दुसऱ्या थापेलाही नुसती थाप. तिसरी जरा मोठी वाटली.

आमिर कोसळला. तो नेहमीच छान कोसळायचा. म्हणून तर कंपनीचा कामगार नसताना, दापोडीच्या गॅरेजातून उचलून, मंडळाने त्याला घेतलं होतं. पण तो दर वेळी उजव्या कुशीवर पडायचा, कारण डाव्या खांद्यावर एकदा जॅक निसटून पडला होता. आज तो डाव्या कुशीवर पडला. टाळ्यांच्या त्या मिनिटात ही चूक एकट्या योगिनीच्या लक्षात आली आणि ती सांगायला म्हणून ती विंगेतून पुढे सरकली.

समोर अझहर उभा होता. आमिरचा चुलतभाऊ, कंपनीतला मशीन ऑपरेटर, नाटकातला नायक. हातात रिव्हॉल्व्हर. नळीवर कुंकवाचं बोट. बाजूला गोल हिरवं स्टिकर, त्यावर ‘ओके’ आणि खाली सही.

सही योगिनीची होती.

२

खरं रिव्हॉल्व्हर नाटकात आलं कसं, हे चौकीत योगिनीला तीनदा सांगावं लागलं. तिन्ही वेळा ते सारखंच मूर्खपणाचं वाटलं.

आधी लाकडी पिस्तूल होतं. रंगीत तालमीला अजिंक्य आला, त्याने ते हातात घेतलं आणि त्याचा चेहरा पडला. खेळणं घेऊन काय जनजागृती करता मॅडम, तो म्हणाला. लोकांना खरं दिसलं पाहिजे. खरं त्याच्या घरात होतंच. वडील मारुतराव यांच्या नावावर, परवान्याचं, बावीस वर्षांपूर्वी घेतलेलं. त्या काळात गावात ज्याची ज्याची जमीन गेली त्याच्या घरी तीन गोष्टी आल्या: ग्रॅनाइटचा जिना, पांढरी गाडी आणि जिवाला धोका.

योगिनी नाही म्हणू शकली असती. पण सभागृह अजिंक्यचं, माईक अजिंक्यचा, प्रेक्षकही अजिंक्यचे. तिने एकच अट घातली. तपासणी मी करणार.

ती रविवारी सकाळी आठला त्यांच्या बंगल्यावर गेली. कुणाच्या घरी हात हलवत जायचं नाही म्हणून गोल डब्यात चिवडा नेला. बैठकीत सगळ्यांसमोर तिने रिव्हॉल्व्हर उघडलं, सहा काडतुसं काढली, चक्रीचं एकेक घर खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. सहाही रिकामी. बंद केलं, फडक्याने लख्ख पुसलं आणि उघडायच्या खटक्यावर हिरवं स्टिकर चिकटवलं. स्टिकर काढल्याशिवाय खटका दबणार नाही, ही तिची अक्कल. काडतुसं तिने जवळच्या एका पितळी डबीत घालून मारुतरावांच्या हातात दिली. तेवढ्यात मारुतरावांच्या पत्नी सोजराबाई चहा घेऊन आल्या. चहा झाला. तपासणीच्या कागदावर सही झाली. निघताना सोजराबाईंनी चिवड्याचा डबा धुऊन, झाकण लावून योगिनीच्या पिशवीत टाकला. रिव्हॉल्व्हर नंतर अजिंक्य स्वतः घेऊन येणार होता, आणि आला. लाल फडक्यात गुंडाळलेलं, दोनशे लोकांदेखत त्याने ते अझहरच्या हातात ठेवलं.

उपनिरीक्षक प्राजक्ता हे सगळं लिहून घेत होत्या. योगिनीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आवाजात चढउतार नाही.

“सहा काढली, नक्की?”

“सहा.”

“डबीत सहाच आहेत. काल संध्याकाळी पंचांसमोर मोजली. म्हणजे सातवी बाहेरून आली.”

आणि बाहेरून गोळी यायला या पट्ट्यात फार लांब जावं लागत नाही, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही. प्रश्न आणणाऱ्याचा होता. व्हॉट्सॲपने तो रविवारी दुपारीच सोडवला होता. आमिरचे आईबाप लहानपणीच गेलेले. अझहरचे वडील नूरमोहम्मद यांनी त्याला वाढवलं, आणि दापोडीचं गॅरेज सख्ख्या मुलाला न देता त्याला द्यायचं ठरवलं. झालं. सख्ख्याने पुतण्याला उडवला, तेही शस्त्रविरोधी कार्यक्रमात. लोकांना या गोष्टीतली विसंगती फार आवडली होती; पुढे पाठवताना ते हसण्याचं चिन्हही जोडत होते.

बुधवारी पोलीस कोठडी संपून अझहरला पुन्हा कोर्टात उभं करायचं होतं. त्याआधी दुसरं काही पुढे आलं नाही तर कलम खुनाचं लागणार होतं. आज सोमवार.

अझहरला तिने दारातून पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता. वर पाहून तो एकच वाक्य बोलला.

“मॅडम, हिरवं होतं.”

बाजूचा हवालदार हसला. योगिनीला हसू आलं नाही. अझहर चार वर्षं तिच्या हाताखाली होता आणि पहिल्या दिवशी हे तिनेच त्याला शिकवलं होतं: लाल असेल तर हात लावायचा नाही, पिवळं असेल तर विचारायचं, हिरवं असेल तर पुन्हा बघायचं नाही. पुन्हा बघण्यात वेळ जातो. लाइन थांबते.

३

दापोडीला ती तीन पुडांचा डबा घेऊन गेली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, मग घर कुणाचंही असो.

नूरमोहम्मद गॅरेजच्या ओट्यावर बसले होते. मागून रेल्वे गेली की टांगलेले पाने एकमेकांवर वाजत. त्यांनी डबा घेतला, आत पाठवला, तिला स्टूल दिलं. एक मुलगा दफन करून आले होते, दुसरा चौकीत होता, आणि समाचाराला येणारे लोक आधी दुसऱ्याची चौकशी करत होते.

गॅरेजचं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की अझहरला ग्रीसचा वास लहानपणापासून सोसत नाही. कंपनीत लागला तेव्हा त्यानेच म्हटलं, अब्बा, गॅरेज आमिरला द्या, मी एसीत बसतो. ऑपरेटरला एसी नसतो हे त्याला नंतर कळलं.

“पोलिसांना सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाले, बाप असंच सांगणार.” त्यांनी एक नट उचलून बोटांत फिरवला. “मॅडम, दोन वेळा चाप रिकामा गेला ना?”

“दोनदा नुसता खटका झाला. तिसऱ्यांदा सुटली.”

“मग सांगा मला. मी चाळीस वर्षं मशीन खोलतोय. ज्याला मारायचंय तो तीन थापा कशाला मोजेल? पहिल्याच घरात भरेल. किंवा सहाही भरेल. एकच गोळी, तीसुद्धा कुठल्यातरी घरात, सुटली तर सुटली. हे मारणाऱ्याचं काम नाही. हे ज्यानं केलं त्याला ती सुटायला नको होती. नाहीतर सुटते हेच त्याला माहीत नव्हतं.”

योगिनी उठली. कंपनीत ती शिकवायची, की दोष सापडला की माणूस शोधू नका, ‘का’ विचारा, पाच वेळा विचारा. इथे सगळ्यांनी पहिल्या फटक्यात माणूस शोधला होता. ‘एकच का?’ हे विचारायला एक मेकॅनिक लागला, आणि तो मयताच्या घरचा होता.

४

प्राजक्तांनी फोटो टेबलावर पसरले. दाखवायची गरज नव्हती, पण बुधवारी कोर्टात कुणी विचारलंच तर, असं त्यांनाही वाटलं असावं.

एका फोटोत उडालेल्या काडतुसाची पुंगळी होती, बुडाकडून काढलेली. मधे टोल्याचा खळगा आणि कडेला बारीक पिवळा ठिपका.

योगिनीने तो ठिपका बराच वेळ पाहिला. मग पिशवीतून मार्कर काढला आणि टेबलावर ठेवला. पिवळा.

बावीस वर्षं तिच्या हातातून गेलेल्या प्रत्येक नगावर तिने पिवळा ठिपका दिला होता. तपासला, ठिपका, तपासला, ठिपका. घरी नारळ घेतानाही तिचा हात पिशवीकडे जायचा. रविवारी बैठकीत सहा काडतुसं काढून डबीत घालताना तिने ठिपके दिले होते, आणि दिले हे तिला आठवतही नव्हतं. डोकं दुसरीकडे असतं, हात कामाला लागलेला असतो.

प्राजक्तांनी पंचांना बोलावून जप्त डबी उघडवली. सहा काडतुसं उलटी उभी केली. पाचांवर ठिपका होता. सहावं कोरं.

“म्हणजे बाहेरून गोळी आलीच नाही,” प्राजक्ता म्हणाल्या. “घरातलीच उडाली. आणि नंतर कुणीतरी डबीत नवी टाकून बेरीज जुळवली.”

योगिनीने दुसरा फोटो पुढे ओढला. रिव्हॉल्व्हरचा खटका, त्यावरचं हिरवं स्टिकर पोलिसांनी अर्धं सोललेलं. स्टिकरच्या खाली, धातूवर, कुंकू. तिने चिकटवलं तेव्हा धातू लख्ख होता. कुंकू नंतर लागलं, स्टिकर निघालं, खटका दबला, आणि स्टिकर पुन्हा कुंकवावरच नीट बसवलं गेलं. कडा न दुमडता. तिची सही न चुरगाळता.

“घरातून निघाली एवढंच ठरलं,” प्राजक्तांनी फोटो गोळा केले. “घरातल्या कुणी ती अझहरला दिली नाही, हे कुठे ठरलं? कुणी भरली ते आणा. नाव हवं मला. फोटोवर कोर्ट ऐकत नाही.”

योगिनी दारापर्यंत गेली तेव्हा त्या मागून म्हणाल्या, “आणि मॅडम, ठिपक्यांची सहाही काडतुसं हाताळलेलं एक नाव माझ्याकडे आहे. ते तुमचं.”

५

अजिंक्यचं संपर्क कार्यालय हायवेला लागून होतं. संपर्क साधायला कुणी आलेलं नव्हतं.

आमिरने त्याला डिवचलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक. अजिंक्यच्या कमरेला हत्यार लावलेल्या एका रीलखाली आमिरने लिहिलं होतं: ‘शस्त्रमुक्तीचे ब्रँड अँबॅसिडर, आधी स्वतःची कंबर मुक्त करा.’ त्याला अभियानापेक्षा जास्त लाइक पडले होते. योगिनीने तो विषय काढताच अजिंक्य थकल्यासारखा हसला.

“कमेंटवर माणूस मारायचा म्हटला तर रोज नाश्त्याआधी दहा मारावे लागतील, मॅडम. काय राव तुम्ही पण.”

रिव्हॉल्व्हर त्याने उघडलं नव्हतं. लाल फडक्यात गुंडाळून तयारच ठेवलं होतं, त्याने नुसतं उचललं. कुणी तयार ठेवलं, यावर तो म्हणाला घरच्यांनी. आणि मग आवाज खाली आणून म्हणाला की आबांना, म्हणजे मारुतरावांना, ते पोरगं खटकत होतं, आबांचा स्वभाव जुना आहे, तर आपण फार खोलात न गेलेलं बरं.

बंगल्यावर मारुतरावांनी तिला बसवलं आणि सगळ्याला नकार दिला. ठिपक्यांचं ऐकल्यावर मात्र म्हाताऱ्याचा हात मिशीवरून खाली आला.

“डबीत पाच दिसली,” ते म्हणाले. “पंच यायच्या आधी. मी कपाटातल्या खोक्यातलं एक टाकलं. पोरगं तापट हाय, मॅडम. एकुलतं हाय.”

“तुम्हाला वाटलं अजिंक्यने भरली?”

त्यांनी भिंतीवरच्या अजिंक्यच्या फोटोकडे पाहिलं. म्हणजे बाप मुलाला वाचवत होता, मुलगा बापाला, आणि दोघांच्या मायेपायी दापोडीचं पोर फासावर चढायला निघालं होतं. घरात प्रेम भरपूर होतं. त्याला कुंपण तेवढं होतं.

कुंकू कुणी लावलं, तिने विचारलं.

“ते बायकांचं,” मारुतरावांनी हाताने माशी उडवली. “खंडेनवमीला बी मंडळीच करत्यात. तिला काय कळतंय त्यातलं?”

योगिनीनेही मान हलवली आणि वहीत दोनच नावं लिहिली. बाप, मुलगा. ती बाई असून तिला तिसरं नाव सुचलं नाही, ही गोष्ट पुढे तिला बरीच वर्षं पुरणार होती.

६

मंगळवारी दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये तिने पिशवीत चमचा शोधला तेव्हा हाताला मुंग्या लागल्या.

रविवारचा गोल डबा. ती तो विसरूनच गेली होती. चिवडा संपला, डबा धुऊन मिळाला, आत काय असणार? तिने झाकण काढलं. आत गुळाचा एक खडा होता. सुपारीएवढा. मुंग्यांनी त्याला तिच्या आधी गाठलं होतं.

ती त्या खड्याकडे बघत राहिली. समोरचा वेल्डर म्हणाला, मॅडम, खराब झाला असेल तर टाकून द्या की.

रिकामा डबा परत देत नाहीत. साखरेची चिमूट, गुळाचा खडा, नाहीतर निदान दोन लवंगा. हे कुणी शिकवत नाही आणि कुणी विसरत नाही. योगिनीच्या आईकडे असंच होतं. शेजारच्या रहिमाबी शिरखुर्म्याचं भांडं न्यायला यायच्या तेव्हा आई त्यात मूठभर तांदूळ टाकायची. एक खडा. एक चिमूट. भरायचं नसतं, फक्त रिकामं ठेवायचं नसतं.

एकच का?

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वाटेतून प्राजक्तांना फोन केला.

सोजराबाई मागच्या पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. ग्रॅनाइटवर पोतं अंथरून. योगिनी त्यांच्याजवळ खाली बसली आणि तिनेही शेंगा घेतल्या. या घरात ती तिसऱ्यांदा येत होती. या बाईशी पहिल्यांदा बोलत होती.

“मावशी, डब्यात गूळ तुम्ही घातलात?”

“व्हय. रिकामा डबा कोन परत देतं, बाई?”

“आणि रविवारी ते हत्यारही तुम्हीच ओवाळलंत.”

“ओवाळलं की. परक्याच्या कार्याला निघालं व्हतं. कुंकू लावलं, फडकं बांधलं.” त्यांनी शेंग फोडली. “तुमी समदी काढून ठिवली ते मी चहा आनताना बघितलं व्हतं. म्हणलं, शिकलेल्या हायेत, रीत म्हाईत नसंल. आमच्यात हत्यार रिकामं उंबऱ्याभायेर काढत न्हाईत. सासूबाई बंदुकीला बी तसंच करायच्या. मंग तुमी गेल्यावर डबीतली एक घातली.”

“एकच?”

“शकुनाची. अहेराच्या शंभरावर एक घालत्यात तशी. जास्त कशाला? आन् तुमचं ते हिरवं परत व्हतं तसं चिटकवलं. तुमचं काम बिघडाय नको.”

“उघडायला येतं तुम्हाला?”

“दर नवमीला पुसाय कोन उघडतं? ह्ये?” त्यांनी बैठकीकडे हनुवटी उडवली. “ह्यांना जेवलेलं ताट उचलाय येत न्हाई.”

योगिनीला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. ‘का’ पाच वेळा विचारायचं असं ती शिकवायची. पाचवं कधी इतकं जड गेलं नव्हतं.

“ती सुटेल असं वाटलं नाही, मावशी?”

“कशी सुटंल? तुमीच बैठकीत म्हनला न्हवं, नाटकाचं हाय, चालवायचं न्हाई. आन् बावीस वर्सांत त्ये कधी सुटलंय? नुसतं कमरंला जातं आन् येतं.” त्या थांबल्या. “पर त्यो पोरगा तर भायेरच्या गोळीनं गेला. ह्यांनी सांगितलं मला. डबीत सहाच्या सहा हायेत, म्हणले.”

योगिनी शेंगा फोडत राहिली. तिला वर बघता येईना.

सोजराबाईंचा हात पोत्यावर तसाच राहिला. त्यांनी विचारलं,

“माझी व्हती?”

दारात मारुतराव उभे होते, त्यांच्यामागे अजिंक्य. केव्हा आले कळलं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि योगिनीने ते पाहिलं: आधी दोघांच्या चेहऱ्यावर सुटका आली. तू नव्हतास. तुम्ही नव्हतात. भीती तिच्या मागून आली.

अजिंक्य पहिल्यांदा सावरला. आई हल्ली काहीही बोलते, तो म्हणाला. वय झालंय, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. अझहरला आपण पुण्यातला मोठा वकील देऊ, मॅडम, शब्द देतो. आईला यात आणायचं नाही.

“गोळ्यांचं नाव काढू नगंस,” सोजराबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. फोल पदरातून झटकले, नळाखाली हात धुतले आणि बराच वेळ धूत राहिल्या.

“लुगडं बदलते,” त्या योगिनीला म्हणाल्या. “चौकीत बायका असत्यात का गं?”

७

जबाब दोन तास चालला. सोजराबाईंनी सगळं दोनदा सांगितलं आणि अंगठा नको म्हणून सही केली. सही करायला त्यांना अजिंक्यने मतदानाच्या वेळी शिकवलं होतं. अझहरवर खुनाचं कलम लागलं नाही. आठवड्याने तो जामिनावर सुटला. निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात नावं आली ती मारुतराव, अजिंक्य, सोजराबाई आणि योगिनी. योगिनीचं नाव चौथं होतं. कंपनीने तिला तपासणीवरून हलवून स्टोअरला बसवलं. तिने हरकत घेतली नाही.

जाण्याआधी तिने मंडळाच्या फाइलसाठी एक कागद लिहिला. कंपनीत दोष निघाला की लिहितात तसा: काय घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय. ‘का’च्या शेवटच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘दोनशे लोकांना हत्याराचा धोका सांगितला. जी बाई दर वर्षी ते हाताळते, ती आत चहा करत होती. तिला कुणी बोलावलं नाही. मीही नाही.’ कागद कुणी वाचला असेल असं वाटत नाही. फाइल जाड आहे.

महिन्याभराने पुनावळ्याच्या चौकात नवा फ्लेक्स लागला. ‘शस्त्रमुक्त पुनावळे – टप्पा दुसरा. कै. आमिर यांच्या स्मरणार्थ.’ अजिंक्यदादा हात जोडून होते. या वेळी फोटो छातीपर्यंतच घेतला होता. खाली बारीक अक्षरांत प्रमुख वक्ते, स्वागताध्यक्ष, आभार. ‘महिलांसाठी स्वतंत्र हळदीकुंकू.’

योगिनी त्याच दिवशी दापोडीला गेली. तीन पुडांचा डबा न्यायचा होता. खरं तर डब्याचं निमित्त होतं. अझहरने कंपनी सोडली होती. ज्या गॅरेजसाठी त्याने भाऊ मारला असं सगळे म्हणत होते, ते आता चालवायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. तो एका स्कूटरखाली आडवा होता, नाकाला रुमाल बांधून. तिला पाहून उठला, सलाम केला, आणि पुन्हा कामाला लागला. तिने पाहिलं, की बसवलेला प्रत्येक नट तो पुन्हा ढिला करून बघत होता आणि पुन्हा आवळत होता. एक गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत उभं होतं.

नूरमोहम्मद आतून डबा घेऊन आले. घासून ठेवलेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला आणि तसाच धरून राहिले.

“आमच्यातही देत नाहीत, मॅडम,” ते म्हणाले. “खाली बर्तन. अझहरची अम्मी साखर घालत होती. मी म्हटलं, राहू दे.”

योगिनीने डबा घेतला. हलका होता. तिन्ही पुडं तिने तिथेच, ओट्यावर, एकेक करून उघडून पाहिली. उजेडात धरून. नूरमोहम्मद आणि अझहर दोघेही बघत होते, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिन्ही रिकामी होती.

“रिकामंच बरं,” ती म्हणाली, आणि झाकण लावलं.